साधी सायकल
पुण्यासारख्या शहरांत सायकल घेतांना विद्यार्थ्यांचें लक्ष गिअरांच्या संख्येकडे जातें. पालकांनीं मात्र रस्त्यांतील खड्ड्यांकडे पाहावें. आमच्या मतें पोलादी फ्रेमची, बिनगिअरची सायकलच श्रेयस्कर होय. पोलाद सहसा एकाएकीं मोडत नाहीं, आधीं वांकतें. आणि तुटलेंच तर सांधतां येतें. गिअर नसल्यामुळें बिघडण्याजोगे भागही थोडे. पुढील चक्रास ४४ व मागील चक्रास १८ दांते असले, म्हणजे पायडलाच्या एका फेऱ्यांत सायकल सुमारें ५ मीटर जाते. सपाटीवर एवढें पुरे. चढावर उतरून चालण्यांत कमीपणा कसला? वांचलेला पैसा रुंद टायर व दोन्ही चाकांच्या उत्तम ब्रेकांवर खर्चावा. पावसाळ्यांत मात्र गंज पुसण्याचा आळस नको. मूल वेळेवर व सुखरूप घरीं परतावें, हाच सायकलीचा खरा हेतु.