किरकोळ

कन्येच्या वसतिगृहाचे शुल्कपत्रक परवा हाती आले. खोलीभाडे, भोजन, ग्रंथालय असे सारे मांडून झाल्यावर शेवटी एक ओळ होती : ‘इन्सिडेंटल्स’.

“अहो, हे काय नवीन?” सौभाग्यवतींनी विचारले.

“किरकोळ खर्च.”

“आकडा तर किरकोळ दिसत नाही!”

मराठीच्या मास्तराला एखाद्या शब्दाने डिवचले की कोश निघालेच म्हणून समजा. या शब्दाच्या मुळाशी आहे लॅटिन ‘कादेरे’, म्हणजे पडणे. त्याला ‘इन’ लागला आणि अर्थ झाला, अंगावर येऊन पडणे. त्यातून ‘इन्सिडेंट’ आला आणि सतराव्या शतकात ‘इन्सिडेंटल’ : मुख्य गोष्टीच्या ओघात येऊन पडणारे ते. ‘ॲक्सिडेंट’, ‘चान्स’, ‘कॅज्युअल’ ही सारी त्याच घराण्यातली भावंडे. आम्ही घेतो ती किरकोळ रजादेखील इंग्रजीत ‘कॅज्युअल’च!

इंग्रजांना हसण्याचे मात्र कारण नाही. आपल्यालाही प्रश्न पडतो, स्वप्न पडते, कोणाशी गाठ पडते. आरशावर पडणाऱ्या ‘इन्सिडेंट’ किरणाला आपल्या शालेय पुस्तकांनी ‘आपाती किरण’ म्हटले. त्यातही ‘पत्’ म्हणजे पडणे आहेच. ‘आनुषंगिक’ तेवढा निराळा. त्यातला ‘सञ्ज्’ धातू पडण्याचा नव्हे, चिकटण्याचा.

वडिलांच्या जमाखर्चाच्या वहीत दरमहा अखेरची नोंद असे : ‘किरकोळ – 50 रुपये’. “कसले हो हे किरकोळ?” आई विचारी. अण्णा नुसते हसत आणि वही मिटत. ते गेले, त्यानंतर तेराव्या दिवशी एक अनोळखी गृहस्थ आले. “शाळेत असताना माझी फी अण्णा भरत,” एवढेच कसेबसे बोलले. ते गेल्यावर आईने जुनी वही काढली आणि त्या एका ओळीवर बोट ठेवून ती बराच वेळ बसून राहिली.

शुल्कपत्रकातली शेवटची ओळ मी मुकाट्याने भरली. वर कन्येला वेगळे पाचशे रुपये पाठवले.

“हे कशाला, बाबा?”

“किरकोळ. कोणावर प्रसंग पडला, तर हाताशी असावेत. हिशेब मागणार नाही.”