'बेड' म्हणता आले पाहिजे



मुरुममध्ये चहाच्या टपरीवर ट्रकवाल्यांच्या गप्पा ऐकाव्यात. घरी मराठी, हैदराबादच्या रस्त्याला हिंदी आणि तोडकीमोडकी तेलुगू, गाडी आळंदकडे वळली की कानडी. 'एष्टु' म्हणजे किती, 'एल्लि' म्हणजे कुठे. कलबुर्गीच्या डाळमिलवर तूर उतरवायची, हमाली ठरवायची, तर एवढे यावेच लागते. शाळेत न जाता शिकलेल्या या भाषेचे गावात कौतुकही होते, "चार भाषा येतात गड्याला!"

याच रस्त्याने आपल्या मुलीही जातात. निजामाच्या राज्यात हा मुलूख एकच होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी उस्मानाबाद मुंबई राज्यात आले, गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले. नकाशा बदलला, सोयरिकी तशाच राहिल्या. आजही इकडच्या मुली आळंद, बसवकल्याणला दिल्या जातात, तिकडच्या इकडे येतात.

तीही कानडी शिकते. चुलीपुढे, सासूच्या हाताखाली. तिला मात्र कुणी "दोन भाषा येतात" असे म्हणत नाही. "अजून बोलता येईना का?" एवढेच ऐकावे लागते. ड्रायव्हर भाव करण्यासाठी भाषा शिकतो, ती हुकूम समजण्यासाठी. 'पाणी आण' तिला आधी कळते, 'मला नको' म्हणायला फार उशिरा येते. शिवाय ड्रायव्हर दोन दिवसांनी आपल्या भाषेत परततो. तिला परतीची फेरी नसते.

अशीच एक जण मार खाऊन माहेरी आली आणि आमच्याकडे पोचली. तिकडच्या ठाण्यात कानडी कागदावर तिने सही केली होती. आपली तक्रार नोंदवली गेली, असे ती समजून होती. कानडी शाळेत शिकलेल्या एका ट्रकवाल्याने तो कागद आम्हाला वाचून दाखवला. 'आमचा समेट झाला आहे, माझी तक्रार नाही,' असा त्यातला मजकूर. ती नुसती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

म्हणून काही गोष्टी पाठ करून ठेवू या. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली बाई जिथे तात्पुरती राहते, तिथल्या कोर्टातही अर्ज करता येतो. छळ सासरी झाला असला तरी आसरा घेतलेल्या गावी तक्रार करता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे असा गुन्हा हद्दीबाहेरच्या ठाण्यातही नोंदवता येतो. तोंडी तक्रार लिहून घेतली तर ती वाचून दाखवावी लागते, नक्कल फुकट द्यावी लागते. आणि राज्यघटनेचे कलम ३५० सांगते की, गाऱ्हाण्याचा अर्ज देशात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतो. म्हणजे न कळणाऱ्या कागदावर सही करायची नाही. "वाचून दाखवा, माझ्या भाषेत सांगा," हे म्हणायला लाजायचे नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न पेटला, बेळगावजवळ महाराष्ट्राच्या ट्रकवर दगड पडले. दोन्हीकडे भाषेच्या अभिमानाची भाषणे झाली. त्या भाषणांत ही सून मला तरी कुठे दिसली नाही.

पण बोट फक्त पलीकडे दाखवून कसे चालेल? आपल्या घरी आलेल्या कानडी सुनेच्या बोलण्याला आपणही हसतोच की! मंडळाच्या पुढच्या बैठकीत तिला शेजारी बसवा. तिच्याकडून चार शब्द शिका, तिला चार शिकवा. आणि सीमेपलीकडे लेक देणार असाल, तर रुखवताबरोबर तिला एक शब्द जरूर द्या. कानडीत 'नको'ला 'बेड' म्हणतात. तो तिला पहिल्या दिवसापासून आला पाहिजे. आणि तो ऐकून घेण्याची सवय दोन्ही भाषांतल्या घरांना लागली पाहिजे.

तुमच्या गावचे अनुभव आम्हाला जरूर कळवा.