ताई, पिल्लांच्या विक्रीचा कायदा नेकनूरपर्यंत कधी येणार?

प्रति,
मा. पंकजाताई मुंडे,
मंत्री, पशुसंवर्धन, महाराष्ट्र राज्य

विषय : कुत्र्यांची पैदास व विक्री यासंबंधीचे 2017 चे नियम कुठे अंमलात आहेत, ते सापडत नसल्याबाबत.

ताई,

'उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करतो की' असं लिहून झालं, पोचपावत्या घेऊन झाल्या. आता उघडच लिहितो.

घरात आजारी कुत्र्याचं पिल्लू आलं, यासाठी मंत्र्यांना पत्र कशाला, असं तुमच्या कार्यालयात कोणी तरी म्हणेलच. त्यांना आधी सांगतो, हा शौकिनांचा प्रश्न नाही. दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातली घरं कशी ओस पडतात, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. कोयता घेऊन माणसं कारखान्याकडे जातात आणि वस्तीवर म्हातारी माणसं उरतात. रात्री भुंकणारं एक जनावर दारात लागतं. नोव्हेंबर 2020 मध्ये आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, तेव्हापासून ही गरज कोणाला समजावून सांगावी लागत नाही. पूर्वी गल्लीतलं पिल्लू उचलून आणायचे. आता मोबाइलवर फोटो येतात, भाव ठरतो, पैसे फोनवरूनच जातात आणि पिल्लू खासगी ट्रॅव्हल्सच्या डिकीतून मांजरसुंब्याच्या फाट्यावर पहाटे उतरतं.

आमचं तसंच उतरलं. सफरचंदाच्या खोक्याला स्क्रू-ड्रायव्हरनं पाडलेली भोकं, आत ओला झालेला पेपर आणि एका कोपऱ्यात जर्मन शेफर्डचं पिल्लू. नऊ हजार रुपये. सोबत लसीकरणाचं कार्ड होतं. कार्डावर लसीच्या बाटलीचं स्टिकर लावतात, त्यावर बॅच नंबर आणि मुदत असते. आमच्या कार्डावरच्या स्टिकरचा नेमका तेवढाच भाग खरवडलेला. खाली सही होती, पण डॉक्टरचं नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही. जन्मतारखेच्या हिशोबानं पिल्लू 60 दिवसांचं. डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं आणि म्हणाले, पाच आठवड्यांच्या वर नाही. कुत्र्याचे दुधाचे 28 दात साधारण आठ आठवड्यांपर्यंत येऊन पूर्ण होतात. याच्या मागच्या दाढांचा पत्ता नव्हता. कार्ड खोटं बोलू शकतं, जबडा बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, रात्री रक्ताची हगवण. तो वास ज्यानं एकदा घेतला त्याला तपासणीची पट्टी लागत नाही. पट्टीनंही पार्वोच सांगितला. पुढच्या पायाची शीर सापडेना इतकं ते आटलं होतं. पाण्याच्या वाटीवर तोंड ठेवून बसायचं आणि प्यायचं नाही. सलाईन, इंजेक्शनं, बीडच्या फेऱ्या मिळून पिल्लाच्या किमतीएवढाच खर्च झाला आणि पिल्लू गेलं.

विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "तुमच्याकडचं पाणी बाधलं असेल. आपली गॅरंटी गाडीत चढेपर्यंत." पार्वोचा विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसायला सहसा तीन ते सात दिवस लागतात. आमच्याकडे येऊन त्याला दोन दिवसही झाले नव्हते. म्हणजे रोग खोक्यातूनच आला, पाण्यातून नाही. एवढं गणित कळायला पशुवैद्यकाची पदवी लागत नाही, पण तुमच्या खात्यात पदवीवाले पुष्कळ आहेत आणि कोणी हे गणित मांडायला तयार नाही.

आता आकडे. ते माझे नाहीत, सरकारचे आहेत.

23 मे 2017 रोजी केंद्र सरकारनं प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याखाली कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीचे नियम अधिसूचित केले. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय कोणी हा धंदा करू शकत नाही. नोंदणीची फी 5,000 रुपये, मुदत 2 वर्षं. 8 आठवड्यांखालचं पिल्लू विकायचं नाही. विकण्याआधी लस दिलेली हवी, मायक्रोचिप बसवलेली हवी. कोणाला विकलं याची नोंद ठेवायची, खाणं, जंतांचं औषध, लस यांची लेखी माहिती घेणाऱ्याला द्यायची, लस देणाऱ्या डॉक्टरांचं नाव द्यायचं. मादी 18 महिन्यांची होण्याआधी तिच्यावर पैदास करायची नाही आणि आयुष्यात 5 पेक्षा जास्त वेळा तिला व्यायला लावायचं नाही. विकलेल्या पिल्लाची वर्षातून एकदा विचारपूस करायची, असंसुद्धा त्यात आहे. आमच्या विक्रेत्यानं विचारपूस तर सोडाच, माझा नंबरच ब्लॉक केला.

त्याच्याही आधीचं सांगतो. 1978 च्या प्राणी वाहतूक नियमांनुसार रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक कुत्र्यासोबत पशुवैद्यकाचा दाखला हवा, प्रवासाला योग्य आहे आणि संसर्गजन्य रोगाचं लक्षण नाही असा. मांजरसुंब्याला उतरणाऱ्या खोक्यांपैकी एकावर तरी असा कागद कोणी पाहिलाय का? ट्रॅव्हल्सवाला पार्सलची पावती देतो, त्यावर 'खेळणी' लिहिलेलं असतं.

आणि हे सगळं मोडलं तर शिक्षा काय? मूळ कायदा 1960 चा. नियमभंगाला दंड जास्तीत जास्त 100 रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला तर 10 ते 50 रुपये. नोंदणी करायला 5,000 आणि न करता धंदा केला तर 100! हिशोब कोणालाही कळतो, ब्रीडरला तर तोंडपाठ आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये केंद्रानं हा दंड वाढवायचा मसुदा काढला होता, हरकती-सूचना मागवल्या होत्या. पुढे काय झालं ते दिल्लीला विचारायचं, हे मला मान्य. पण नोंदणी आणि तपासणी ही राज्याची जबाबदारी आहे, आणि ती खोळंबली आहे त्याचं खापर 1960 च्या कायद्यावर फोडता येणार नाही.

आठ आठवडे कशासाठी, हे नियम करणाऱ्यांना माहीत होतं. आपल्याकडच्या शेतकऱ्यालाही माहीत आहे, त्याला चीक पाजण्याचं महत्त्व सांगावं लागत नाही. आईच्या चिकातून मिळालेली ताकद पिल्लाला पहिले काही आठवडे राखते, मग ओसरत जाते. ती पुरती ओसरल्याशिवाय लस नीट लागू पडत नाही आणि ओसरल्यावर लस नसेल तर पिल्लू उघडं पडतं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांना पहिली लस, मग दर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा, अगदी सोळा आठवड्यांपर्यंत. एकच डोस टोचून 'फुल व्हॅक्सिनेटेड' म्हणणारा माणूस एकतर अडाणी आहे किंवा लबाड. त्यात पाचव्या आठवड्यात आईपासून तोडायचं, रात्रभर डिकीत कोंडायचं, दूध बदलायचं. अंगात जंत असतातच. एवढ्या गोष्टी एकत्र आल्यावर पार्वो कशाची वाट बघेल?

आमचं पिल्लू गेलं, इथे गोष्ट संपली असती तर कदाचित मी गप्प बसलो असतो. पण पार्वोचा विषाणू फिनाइलला दाद देत नाही, मातीत महिनोन्‌महिने टिकतो, वर्षभरही. ब्लीचचं पाणी एकास तीस करून फरशी धुता येते. अंगण कसं धुणार? उकिरडा कसा धुणार? महिन्याभरात आमच्या वस्तीवरच्या दोन गावरान कुत्र्यांची पिल्लं तशीच रक्त हागून मेली. त्यांचं कार्ड नव्हतं, किंमत नव्हती, त्यामुळे त्यांचा अर्जही नाही. त्या वाटेनं मेंढरं घेऊन धनगर जातात, त्यांच्यासोबत त्यांची कुत्री असतात. तिथवर हा रोग गेला की नाही, कोणी पाहिलेलं नाही.

माणसांचंही सांगतो. घरातल्या लेकरांनी ते पिल्लू दिवसभर मांडीवर घेतलं होतं, त्याचे बारीक दात हाताला लागले होते. कुत्र्याला रेबीजची लस तीन महिन्यांनंतर देतात, म्हणजे त्याला ती नव्हतीच. ते कुठून आलं, त्याची आई कशी होती, काहीच माहीत नाही. पिल्लू दहा दिवस नजरेखाली ठेवून बघावं म्हटलं, तर ते मेलेलं. मग लेकरांना इंजेक्शनं. रेबीज झाल्यावर माणूस वाचत नाही, त्यामुळे डॉक्टरनं धोका पत्करला नाही हे बरोबरच केलं. पण एका खोट्या कार्डापायी शाळा बुडवून लेकरांचे दंड सुजवून घ्यायचे, याचा खर्च कोणाच्या नावावर लिहू?

तक्रारीचं काय झालं, हे मी कोणत्या कार्यालयाचं नाव न घेता सांगतो. तुम्ही मनात आणलं तर नावं तुम्हाला एका फोनमध्ये कळतील. एका ठिकाणी सांगितलं, हा पशुसंवर्धनचा विषय. तिथे सांगितलं, "आमच्याकडे गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या. कुत्र्याचं आमच्याकडे रजिस्टर नाही." तिसऱ्या ठिकाणी म्हणाले, मंडळाकडे लिहा. मंडळाचा पत्ता विचारला तर साहेब मीटिंगला. शेवटी एक पत्र आलं, अर्ज उचित कार्यवाहीस्तव अग्रेषित करण्यात येत आहे, केलेल्या कार्यवाहीबाबत अर्जदारास परस्पर कळवावे. ज्यांना कळवायला सांगितलं त्यांनी तसंच पत्र आणखी कोणाला तरी लिहिलं. एका सद्गृहस्थांनी मला आपुलकीनं सल्ला दिला, "ग्राहक आयोगात जा, पाच लाखांपर्यंत फीसुद्धा नाही." माहिती खरी आहे, आभारी आहे. जाणारही आहे, दोन वर्षांची मुदत असते. पण तिथे माझे नऊ हजार मिळतील. विकणाऱ्याच्या पिंजऱ्यातल्या माद्या तशाच वीत राहतील आणि खोकी तशीच फाट्यावर उतरत राहतील.

सरकारला कुत्रा दिसतच नाही, असं म्हणायचीही सोय नाही. एकविसाव्या पशुगणनेत प्रगणक दारात येऊन कुत्री किती, हे लिहून गेले. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत श्वान प्रदर्शन भरतं, बक्षिसं दिली जातात, पाहुणे फोटो काढतात. (लातूरकडचे पश्मी आणि कारवान तिथे पाहावेत. ते असताना आपण शेफर्डच्या मागे का धावतो, हा वेगळा विषय आहे.) मार्च 2024 मध्ये तर केंद्रानं 23 जातींच्या कुत्र्यांवर एका परिपत्रकानं बंदी घालून टाकली, पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. चावणाऱ्या कुत्र्याची जात शोधायला दिल्लीपर्यंत धावाधाव होते. ती पिल्लं कोण काढतो, किती आठवड्यांची विकतो, हे बघायला तालुक्यातूनही कोणी निघत नाही.

आणि आपल्याच जिल्ह्यातलं लऊळ आठवा. डिसेंबर 2021 मध्ये माजलगाव तालुक्यातल्या त्या गावात माकडं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडावर-छतावर नेत होती. मेलेल्या पिल्लांचे आकडे वाटेल तसे फुगले, परदेशातल्या वृत्तपत्रांनीही बातमी छापली. नागपूरहून वनखात्याचं पथक आलं आणि दोन माकडं जेरबंद झाली. म्हणजे पिल्लांच्या जीवावर उठलेल्याला पकडण्याची यंत्रणा या राज्यात आहे. फक्त तो माकड असावा लागतो.

जुलै 2025 मध्ये पशुसंवर्धनाला कृषी समकक्ष दर्जा मिळाला, त्याचं आमच्याकडे स्वागतच झालं. डिसेंबर 2024 पासून हे खातं तुमच्याकडे आहे, 2017 पासूनचा सगळा ढिसाळपणा मी तुमच्या एकटीच्या पदरात टाकत नाही. मधे सरकारं आली-गेली, सगळ्या रंगांची. पण खुर्चीवर आज तुम्ही आहात आणि जिल्हा तुमचा आहे, म्हणून विचारतो.

परवानाधारक ब्रीडरांची जिल्हावार यादी लोकांना पाहता येईल अशी लावा. पिल्लाच्या प्रत्येक जाहिरातीवर नोंदणी क्रमांक सक्तीचा करा. ब्रीडर "पेपर हवेत की बिनापेपर?" विचारतो तेव्हा तो केनेल क्लबच्या वंशावळीबद्दल बोलत असतो, त्यासाठी जास्तीचे पैसे घेतो. त्या कागदावर पिल्लाच्या तब्येतीचं अक्षर नसतं आणि सरकारी नोंदणीचा कागद तर कोणी मागतच नाही, कारण असा काही कागद असतो हे तुमच्या खात्यानं कोणाला सांगितलेलंच नाही. ट्रॅव्हल्सच्या पार्सलांवर परिवहन आणि पोलिसांना सोबत घेऊन एक महिना नजर ठेवा, दाखल्याशिवाय पिल्लू चढवणाऱ्यावर गुन्हा नोंदवा. दंड 100 रुपये असेल, पण कैदेची तरतूदही त्याच वाक्यात आहे. 2001 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी हवी. बीडची असेल तर तिची शेवटची बैठक कधी झाली, इतिवृत्त दाखवा. गावच्या पशुदवाखान्यात लाळ-खुरकूत, लम्पी, घटसर्पाच्या लसी ठेवता तशी पिल्लांची लसही मिळू द्या. फुकट नको, किमतीत द्या.

यातलं काहीही लगेच होणार नाही, मला माहीत आहे. म्हणून सध्या एकच मागतो. बीड जिल्ह्यात 2017 च्या नियमांखाली आजवर किती ब्रीडरांची नोंदणी झाली आणि किती ठिकाणी तपासणी झाली, हे दोन आकडे जाहीर करा. मला परस्पर कळवू नका, सगळ्यांना कळेल असं छापा. शून्य असेल तर शून्य छापा.

आपला,
एक पशुपालक
नेकनूर, ता. जि. बीड