खाड्यांची वही

पिंपळनेरला वर्ष एकदाच सुरू होत नाही. पेठेतील व्यापारी दिवाळीत वहीपूजन करून नवी वही उघडतात, गुढी चैत्रात उभी राहते, शेतकऱ्याचे आणि त्याच्या सालदाराचे साल अखाजीला फिरते, आणि ख्रिस्तसभेचे उपासनावर्ष आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होते. या सर्वांत १ जानेवारी हा खरे तर उपरा दिवस. तरीही आत्मपरीक्षणासाठी आपण नेमका तोच निवडला आहे, आणि त्यामुळे आपली किती सोय झाली आहे हे आपल्या ध्यानात आलेले नाही. आमचा आक्षेप या सोयीला आहे.

३१ डिसेंबरच्या रात्री आभारप्रदर्शनाच्या मिस्सेपूर्वी मंदिरात विवेकपरीक्षणाची प्रश्नावली मोठ्याने वाचली जाते. कुणाच्या पापनिवेदनाविषयी बोलणे आम्हांस निषिद्धच आहे. पण ही प्रश्नावली सर्वांदेखत वाचली जाते आणि ती वर्षानुवर्षे आम्हीच तयार करीत आलो आहोत. रविवारची मिस्सा किती वेळा चुकली? घरात रोझरी किती दिवस झाली नाही? शुक्रवारचा नेम मोडला का? तोंडून वाईट शब्द गेला का? प्रश्न चुकीचे नाहीत. पण ही यादी एकदा सलग वाचून पाहावी. ही तर खाड्यांची वही आहे! जणू परमेश्वर हा कुणी हजेरी मांडणारा मुकादम आहे आणि आपण त्याचे सालदार आहोत.

खाडा हा शब्द आम्ही पुस्तकात शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी खानदेशातीलच एका धर्मग्रामाच्या शेतीची देखरेख आमच्याकडे होती. तेथे एक सालदार होता. अखाजीला हिशेब करताना आम्ही वही उघडली आणि त्याचे पंधरा खाडे कापले. अकरा दिवस तो तापाने पडून होता, चार दिवस पत्नीच्या बाळंतपणात गेले होते. तो म्हणाला, "तापना दिवस बी खाडामाच का, फादर?" आम्ही म्हणालो, रीतच तशी आहे. रीत होतीच, आजूबाजूचे सर्व तसेच करीत. त्यानंतरच्या रविवारी आम्ही दयाळू पित्यावर प्रवचन केले, आणि ते चांगले झाले असे पुष्कळांनी सांगितले.

आपल्या वाडवडिलांच्या धर्मशिक्षणात स्वर्गाकडे आक्रोश करणारी चार पापे पाठ करून घेतली जात. त्यांतील एक म्हणजे मजुराची मजुरी बुडवणे. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते आणि ती ओरड परमेश्वराच्या कानी पोहोचते. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक काढून न्याय्य वेतनाचा प्रश्न ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीत ठळकपणे मांडला. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ हे नाव घेतले, ते मुख्यतः त्याच परंपरेची आठवण ठेवून, असे त्यांनी स्वतःच सांगितले. आणि आमच्या प्रश्नावलीत? मजुरीविषयी एक ओळही नव्हती.

संत इग्नाशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनेच्या ग्रंथास १५४८ साली पोप पॉल तिसरे यांनी मान्यता दिली. त्यातील परीक्षणाची पहिली पायरी पापांची मोजदाद ही नव्हे, तर मिळालेल्या दानांबद्दल उपकारस्मरण ही आहे. सेमिनरीत असताना आम्हांला ही पायरी सोपी वाटे; डोळे मिटून दोन मिनिटांत उरकत असू. आता ती सर्वांत कठीण वाटते. जे मिळाले ते कुणाच्या हातून मिळाले, हे विचारल्यावाचून उपकारस्मरण पुरे कसे होणार?

आणि ते हात त्या रात्री मंदिरात नसतात. दिवाळीनंतर साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील पाड्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला जातात, कुणी दक्षिण गुजरातेत, कुणी आपल्याच राज्यातील कारखान्यांकडे. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत नवराबायको मिळून एक कोयता. आम्ही मध्यरात्री घंटा वाजवून एकमेकांना शुभेच्छा देतो तेव्हा कुठेतरी उसाच्या फडाशेजारी कोपीत हे लोक निजलेले असतात. नववर्षाचे परीक्षण ज्यांच्याविषयी व्हावे ते गावातच नाहीत, ही त्या तारखेची सोय.

कुणी म्हणेल, फादर, हे राजकारण झाले. अंतःकरणाच्या शुद्धीत पैशाचा हिशेब कशाला? लूकच्या शुभवर्तमानातील जक्कय विसरू नये. प्रभू त्याच्या घरी आला तेव्हा त्याने आपल्या प्रार्थना किती चुकल्या ते सांगितले नाही; अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचे लुबाडले त्याला चौपट, एवढेच तो बोलला. त्या घराला तारण मिळाल्याचे प्रभूने त्यानंतर जाहीर केले. वसईच्या वाडीतील किंवा पुण्याच्या सदनिकेतील वाचकाला हे दूरचे वाटू नये. कामवाल्या मावशींच्या मुलाला डेंग्यू झाला तेव्हाचे दिवस आपण पगारातून वजा केले की नाही, एवढे आठवून पाहावे.

२०२५ चे पवित्र वर्ष ६ जानेवारी २०२६ रोजी रोममध्ये पवित्र द्वार बंद होऊन संपले. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायातील मूळ जयंतीवर्ष म्हणजे रणशिंग फुंकणे, गुलामाला घरी पाठवणे आणि गमावलेली जमीन परत देणे. आपण बसगाड्या करून तीर्थयात्रा केल्या.

पिंपळनेरसाठी आम्ही ठरवले आहे ते असे. ३१ डिसेंबरची प्रार्थना राहील. परंतु विवेकपरीक्षण अखाजीच्या आठवड्यात, ऊसतोडीची माणसे परतू लागल्यावर, त्यांच्यासमवेत होईल. ज्याच्याकडे मजुरीची वही आहे त्याने ती घरी पुन्हा तपासून यावे. आम्हीही तपासून येऊ.

त्या सालदाराचे पंधरा दिवसांचे पैसे आम्ही दिले खरे, पण तोवर नाताळ उलटून गेला होता. त्याने ते मोजले नाहीत. "बरं, फादर," म्हणून खिशात ठेवले आणि तो बैलांना चारा टाकायला गेला. पुढच्या अखाजीला त्याने दुसरीकडे साल धरले.