माशीला बांध ठाऊक नसतो

२०१५ साली पांढऱ्या माशीने पंजाबातील कपाशीची धूळधाण केली. शेतकऱ्यांनी रेल्वेमार्गावर ठाण मांडले. निकृष्ट कीटकनाशकांच्या खरेदीवरून राज्याच्या कृषी संचालकांना अटक झाली. राज्यकर्त्यांच्या लेखी प्रकरण तेथेच मिटले. मूळ प्रश्न मात्र कायम राहिला.

कपाशीची पाने मुरडणारा विषाणू स्वतः चालत नाही. पांढरी माशी रोगट झाडाचा रस शोषते, तेव्हा तो तिच्या शरीरात शिरतो आणि पुढच्या झाडात उतरतो. माश्या जितक्या अधिक, तितका रोगाचा वेग अधिक. मग माश्या वाढवतो कोण? अंदाधुंद फवारणीने माशीला खाणारे मित्रकीटक मरतात आणि विषाला सरावलेली माशी तेवढी फोफावते. बीटी वाणातील विष बोंडअळीसाठी आहे. रस शोषणाऱ्या माशीला त्याची बाधा नाही.

देशी कपाशीला हा विषाणू ग्रासत नाही. तिचा धागा आखूड, हे खरे. परंतु तो सुधारण्यात कंपन्यांना रस कसा असेल? तिचे बियाणे शेतकरी घरीच राखू शकतो!

माशी शेताचा बांध ओळखत नाही. एकट्या शेतकऱ्याची फवारणी म्हणूनच व्यर्थ ठरते. एकाच वेळी पेरणी, विषाणूला आसरा देणाऱ्या तणांचा नायनाट, गावोगाव किडींची नियमित मोजणी ही सार्वजनिक कामे होत. शासनाने ती औषधविक्रेत्याच्या गल्ल्यावर सोपवली आहेत. नुकसानभरपाईच्या मागणीबरोबरच ही जबाबदारी शासनाकडून वसूल करणे, हेच शेतकरी चळवळीचे खरे कार्य आहे.