कंत्राटी लेखकाचा पीएफ कोण भरणार?

होटगीतल्या घरात बसून पुणे-बंगळूरच्या कंपन्यांसाठी सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिका लिहिणे आज शक्य आहे. समजा, असा कंत्राटी ‘टेक्निकल रायटर’ दरमहा ४० हजारांचे बिल लावतो. ३५ हजार पगार घेणाऱ्या मित्रापेक्षा आपण पाच हजारांनी पुढे आहोत, असे त्याला वाटते. हा हिशेब फसवा आहे.

फरक कुठे पडतो?
पीएफ लागू असलेल्या आस्थापनेत १५ हजारांच्या वेतनमर्यादेवर कर्मचाऱ्याचे १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये कापले जातात आणि मालक तेवढेच घालतो. पीएफ व पेन्शन मिळून दरमहा ३,६०० रुपये जमा होतात. ग्रॅच्युइटी वेगळी. बिलावर ‘व्यावसायिक शुल्क’ म्हणून टीडीएस कापला जात असेल, तर सहसा यातले काहीच मिळत नाही. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिने निश्चित मुदतीच्या कर्मचाऱ्याला वर्षभराच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. स्वतंत्र कंत्राटदाराला नाही. म्हणून सही करण्याआधी आपण कर्मचारी आहोत की सेवा पुरवठादार, हे करारात पाहावे.

दवाखान्याचे काय?
आजच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेची सुरुवात २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत झाली, त्यांत सोलापूर होते. आता तिचे कवच कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत आहे. मात्र यादीतली रुग्णालये आणि ठरलेले उपचार यांपुरतेच. त्यामुळे जोडीला स्वतःची पॉलिसी हवी. आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, तेव्हा ती तब्येत ठणठणीत असतानाच घ्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटीही नाही.

म्हातारपणाची सोय?
पीपीएफमध्ये वर्षाला किमान ५०० आणि कमाल दीड लाख रुपये भरता येतात. मुदत १५ वर्षे. काम कमी मिळालेल्या वर्षीही खाते चालू राहते. एनपीएसही खुले आहे. बिलाचे पैसे आले की आधी हा वाटा बाजूला काढावा, मग घरखर्च.

मात्र सगळा भार लेखकाच्या शिस्तीवर टाकून चालणार नाही. कंत्राटी लेखक कंपनीला स्वस्त पडतो, कारण त्याच्या आजारपणाचा आणि म्हातारपणाचा खर्च त्याचे घर उचलते. तो खर्च दरात मागणे ही हाव नव्हे, हक्काचा हिशेब आहे.