खाते कोणाच्या नावावर आहे?

व्हॉट्सॲपच्या गटांत तो संदेश महिन्यातून एकदा तरी येतोच. नळ्या लावलेल्या लहान मुलाचा फोटो, ‘ऑपरेशन उद्याच आहे’, ‘एक रुपया द्या पण द्या’, ‘किमान दहा जणांना पाठवा’ आणि खाली एक मोबाइल नंबर. रुग्णालयाचे नाव नाही, तारीख नाही, पैसे कोणाच्या खात्यात जाणार याचा उल्लेख नाही. तारीखच नसल्यामुळे तो ‘उद्या’ कधी संपत नाही. मूल बरे होऊन शाळेत जाऊ लागले तरी किंवा दुर्दैवाने दगावले तरी संदेश फिरत राहतो. गटातल्या कोणी “हे कोणी तपासले आहे का?” असे विचारले की बाकीचे त्याच्यावर तुटून पडतात. इथे जीव चाललाय आणि याला पावत्या सुचताहेत!

हे पत्रक त्या विचारणाऱ्याच्या बाजूने आहे.

अनोळखी माणसांपुढे हात पसरणाऱ्याने कोणी विचारायच्या आधीच हिशेब मांडला पाहिजे. तो मांडला नसेल तर देणाऱ्याने बेधडक मागितला पाहिजे. खोट्या आवाहनात पैसे गेलेला माणूस पुढच्या खऱ्या आवाहनाकडेही पाठ फिरवतो. म्हणजे न तपासता पुढे ढकललेल्या संदेशाची किंमत शेवटी एखादा खरा रुग्णच मोजतो.

दिल्लीतल्या मालवीय नगरमधला ‘बाबा का ढाबा’ अनेकांना आठवत असेल. ऑक्टोबर २०२० मध्ये, टाळेबंदीने धंदा बसलेल्या वृद्ध ढाबेवाल्याचा रडतानाचा व्हिडिओ देशभर फिरला. दुसऱ्याच दिवशी ढाब्यासमोर गर्दी झाली आणि मदतीचे पैसे येऊ लागले. काही आठवड्यांतच हा वृद्ध पोलिसांकडे गेला. व्हिडिओ करणाऱ्याने स्वतःचे आणि नातलगांचे खाते क्रमांक लोकांना दिले आणि जमा झालेला पैसा पुरता पोचवला नाही, अशी त्याची तक्रार होती. व्हिडिओ करणाऱ्याने आरोप फेटाळले, पण फसवणुकीचा गुन्हा नोंदला गेला. २०२१ च्या जूनमध्ये ढाबेवाल्याने त्याची जाहीर माफी मागितली. कोण खरे, कोण खोटे, हे इथे उकरून काढायचे नाही. ढाबेवाल्याची अडचण खरी होती, लोकांची कळकळही खरी होती. पैसा पहिल्यापासून थेट वृद्धाच्या खात्यात गेला असता, तर तक्रारीची वेळ आली नसती आणि माफीचीही नाही.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात उलटे घडले. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये एका जोडप्याने गोष्ट सांगितली: रस्त्यात गाडीतले पेट्रोल संपले, तेव्हा एका बेघर माजी सैनिकाने खिशातले शेवटचे २० डॉलर खर्चून पेट्रोल आणून दिले. त्याला घर मिळावे म्हणून ‘गोफंडमी’ या संकेतस्थळावर निधी उघडला गेला. सुमारे १४ हजार लोकांनी चार लाखांहून अधिक डॉलर दिले. दूरचित्रवाणीवर मुलाखती झाल्या. पुढच्या वर्षी पैशांवरून तिघांत भांडण जुंपले आणि चौकशीत उघड झाले की ती गोष्ट रचलेली होती, बेघर माणूसही त्या बनावात सामील होता. तिघांनीही गुन्हा कबूल केला आणि संकेतस्थळाने देणगीदारांचे पैसे परत केले. हजारो लोकांच्या आणि वाहिन्यांच्या हाती तपासण्याजोगे होते तरी काय? एक फोटो आणि एक गोड गोष्ट.

आता केरळकडे पाहावे. या बाबतीत महाराष्ट्राने मान खाली घालून तिथून शिकण्यासारखे आहे.

कोळिकोड जिल्ह्यातला एक माणूस २००६ पासून सौदी अरेबियातल्या तुरुंगात होता आणि एका मुलाच्या मृत्यूप्रकरणी त्याला मृत्युदंड झाला होता. मृत मुलाच्या कुटुंबाने दीड कोटी रियाल, म्हणजे सुमारे ३४ कोटी रुपये भरपाई घेऊन माफी द्यायची तयारी दाखवली. गावकऱ्यांनी समिती नेमली आणि खास ॲप तयार करून घेतले. किती रक्कम जमली, हे जगात कुठेही बसलेल्या माणसाला त्यावर घडीघडीला दिसत होते. २०२४ च्या एप्रिलमध्ये ३४ कोटी पूर्ण झाले आणि समितीने पैसे घेणे थांबवले. मल्याळी माणसाचे हृदय मोठे आहे, असे म्हणून हा विषय अनेकदा मिटवला जातो. हृदय महाराष्ट्रातही लहान नाही. मोठी होती ती समितीची व्यवस्था.

त्याआधी २०२१ मध्ये कण्णूर जिल्ह्यातल्या मात्तूल गावच्या एका चिमुकल्याला स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी या दुर्मीळ आजारावरचे १८ कोटींचे औषध हवे होते. त्याच आजाराने चाकाच्या खुर्चीत बसलेल्या मोठ्या बहिणीने भावासाठी ध्वनिसंदेश पाठवला आणि काही दिवसांतच ४६ कोटींहून अधिक रक्कम जमली. इतका पैसा म्हणजे मोह, संशय आणि वाद यांना आमंत्रणच. पण उपचार समिती होती. तिने एकूण आकडा जाहीर केला आणि उरलेले पैसे हाच आजार असलेल्या इतर मुलांसाठी वापरायचे ठरवले. त्याच वर्षी केरळमधल्याच दुसऱ्या एका बाळासाठी सुमारे १६ कोटी जमले, पण औषध मिळण्याआधीच ते बाळ गेले. मग त्या पैशांचे काय करायचे, हा प्रश्न न्यायालयापुढे आला. उच्च न्यायालयाने त्याच वर्षी अशा निधीवर सरकारची देखरेख हवी, असे मत मांडले. उरलेल्या पैशांचे काय होणार, हे आवाहनाच्या पहिल्याच दिवशी लिहून ठेवायला हवे ते यासाठी. रुग्ण गेल्यावर त्याच्या आईबापांना हा प्रश्न विचारणे कोणालाच शोभत नाही.

महाराष्ट्रात मात्र एक चमत्कारिक विसंगती आहे. गणेशोत्सवाची वर्गणी काढायची तर मंडळाला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. पावतीपुस्तक छापावे लागते, हिशेब द्यावा लागतो. गल्लीतल्या मंडळाने पावती दिली नाही तर लोक आवाज चढवतात, आणि तेच लोक कधी न पाहिलेल्या माणसाच्या क्यूआर कोडवर पाच हजार रुपये पाठवून मोकळे होतात.

याहून गंभीर गोष्ट अशी की आवाहन करण्याआधी हक्काचे मार्ग तपासलेच जात नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत. त्यासाठी बिलांच्या एकूण रकमेतले २ टक्के वेगळ्या निधीत टाकायचे आहेत. मोठमोठी, काचेच्या इमारतींची नामांकित रुग्णालयेही यात येतात. शिवाय महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे, मुख्यमंत्री सहाय्यता निधी आहे. २०२१ मध्ये मुंबईतल्या एका मुलीसाठी लोकांनी १६ कोटींचे औषध आणायला पैसे जमवले, तेव्हा केंद्र सरकारने त्यावरचा सुमारे सहा कोटींचा कर माफ केला. ती सूट मागितली म्हणून मिळाली. म्हणून ‘आठ लाख हवेत’ असे लिहिणाऱ्याने योजनेत अर्ज केला का, रुग्णालयाने काय उत्तर दिले, हेही दोन ओळींत लिहावे. धर्मादाय खाट नाकारली असेल, तर त्या रुग्णालयाला जाब विचारायला लोक देणगीइतक्याच उत्साहाने उभे राहतील.

निधी जमवून देणाऱ्या संकेतस्थळांचीही झाडाझडती हवी. ती कागदपत्रे मागतात आणि अनेकदा पैसे थेट रुग्णालयाला देतात, हे त्यांचे श्रेय. पण काही ठिकाणी देणगीच्या रकमेखाली संकेतस्थळासाठीची ‘टिप’ आधीच भरलेली असते आणि ती काढायची जागा डोळ्यांत तेल घालून शोधावी लागते. ग्राहकांना फसवणाऱ्या रचनांबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत बिलात न विचारता देणगी घुसवणे हा गैरप्रकार ठरवला आहे. मग देणगीत बक्षिसी घुसवणे कोणत्या सदरात बसते?

आणि ते फोटो. भारतीय जाहिरात मानक परिषदेने धर्मादाय कामांच्या जाहिरातींत पीडितांची, विशेषतः लहान मुलांची, हादरवणारी चित्रे टाळायला सांगितले आहे. तरी मोबाइलच्या पडद्यावर व्हेंटिलेटरवरची बाळे दिसतच राहतात. हे बाळ उद्या पंधरा वर्षांचे होईल आणि वर्गातले कोणीतरी हा फोटो शोधून काढील. फोटोने डोळे ओले होतात, पण खरेखोटे कळत नाही. ते कळते रुग्णालयाच्या सही-शिक्क्याच्या खर्चाच्या अंदाजाने.

“कागदपत्रे सगळ्यांना दाखवली तर रुग्णाची खासगी माहिती चव्हाट्यावर येईल,” हा आक्षेप रास्त आहे. म्हणून आजाराचे तपशील गटात टाकूच नयेत. रुग्णालयाचे नाव, विभाग, खर्चाचा अंदाज, आजवर भरलेली रक्कम आणि आवाहनाची शेवटची तारीख एवढे जाहीर असावे. रुग्णाचा नोंदणी क्रमांक विचारणाऱ्यालाच द्यावा. त्याने रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाला फोन करून खात्री करून घ्यावी. खाते रुग्णालयाचे असावे. ते शक्य नसेल तर रुग्णाचे किंवा त्याच्या आईवडिलांचे, पण पुढाकार घेणाऱ्या मित्राचे, कार्यकर्त्याचे, नगरसेवकाचे कधीच नसावे. मार्च २०२० मध्ये पीएम केअर्स निधीच्या खऱ्या यूपीआय पत्त्यातले एक अक्षर गाळून खोटा पत्ता फिरवला गेला होता. पंतप्रधानांच्या नावाची ही गत, तर गल्लीतल्या नावाची काय कथा! पैसे पाठवण्याआधी पडद्यावर येणारे बँकेतले नाव वाचायला दोन सेकंद लागतात.

रक्कम पूर्ण झाली की पहिला संदेश ज्या ज्या गटांत टाकला त्या प्रत्येक गटात दुसरा टाकावा. किती आले, रुग्णालयात किती भरले, उरलेले कोणाला दिले आणि जुना संदेश यापुढे पाठवू नका, एवढे त्यात असावे. ज्याने असा दुसरा संदेश टाकला नाही, त्याचे पुढचे आवाहन गटाच्या ॲडमिनने तो येईपर्यंत अडवून ठेवावे.